तोंडात हात कोणी घातला?

कार्तिकातल्या एका शनिवारी सकाळी रिसोडच्या सरकारी दवाखान्यासमोर एकामागोमाग सात बंड्या येऊन थांबल्या. मदनसिंग डॉक्टर मागच्या ओसरीवर दाढी करत होते. बैलांच्या गळ्यातले घुंगरू ऐकून त्यांना वाटलं, कोणाचं तरी वऱ्हाड वाट चुकलं. पण उतरणाऱ्या माणसांच्या तोंडावर लग्नाचं काही दिसेना. म्हातारे, बाया, कडेवरची पोरं, सगळे मुकाट्यानं उतरले आणि कडुनिंबाखाली बसले. कंपाउंडर फुलचंदनं बाहेर येऊन माणसं मोजली. बेचाळीस भरली.

ही मंडळी आठ मैलांवरच्या पळसखेडची होती. त्यांच्यातले रामराव पुढे आले. पन्नाशीचे, गावात शब्दाला वजन असलेले.

"डाक्तर, पागल म्हशीचं दूध आमच्या साऱ्याईच्या पोटात गेलं," ते म्हणाले. "तुमी चौदा सुया देता म्हनते. थ्या साऱ्याईले द्या."

"म्हैस कोणाची?" डॉक्टरांनी तोंडावरचा साबण पुसत विचारलं.

जगदेव नावाचा शेतकरी उठून उभा राहिला. म्हैस त्याची. मागच्या रविवारी त्याच्या नातवाचं बारसं झालं. गावजेवण होतं. खीर त्याच म्हशीच्या दुधाची, ताकही तिच्याच तापवलेल्या दुधाचं. सोमवारी म्हशीनं चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबायला लागल्या. मान ताणून ती गिळायला बघायची, पण घास उतरत नव्हता. मंगळवारी इलाज केला, गुण आला नाही. बुधवारी तिचा आवाज घोगरा झाला, सारखी हंबरत राहिली, खुंट्यावर शिंगं आपटून एक शिंग मोडून घेतलं. गुरुवारी दुपारी मागचे पाय गेले आणि संध्याकाळच्या आत ती मेली.

"अन् काल माह्या ध्यानात आलं," जगदेव म्हणाला. "तीन-चार हप्त्याआंधी एक पिसाळलेलं कुत्रं गावातून गेलं होतं. पोट्ट्याईनं त्याले आमच्या गोठ्यामांगंच मारलं. मानसाले कोनाले चावलं नाई म्हनून आमी निवांत राह्यलो. म्हशीले इच्यारनार कोन?"

"म्हैस कुठे आहे?"

"नाल्याच्या काठी गाडली."

जनावर पुरून दोन दिवस झाले होते, तपासायला पाठवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ती पिसाळलेली होती हे सिद्ध करता येणार नव्हतं आणि नव्हती असंही म्हणता येणार नव्हतं. अशा वेळी होती असंच धरून चालायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

फुलचंद त्यांच्या कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, कपाटात लस तीन माणसांपुरतीच आहे. बेचाळीस जणांची कुठून आणायची? अकोल्याला तार करू का?"

"तीन असो की तीनशे, विचारायचं तेच विचारायचं," डॉक्टर म्हणाले. "मोठं रजिस्टर आण आणि खुर्ची बाहेर टाक."

मग कडुनिंबाखाली एकेकाला बोलावणं सुरू झालं. डॉक्टरांचे प्रश्न थोडेच होते. दूध तापवलेलं प्यायलं की धारोष्ण? म्हशीच्या तोंडाला, लाळेला हात लागला का? हाताला चीर, जखम, फोड काही आहे का? प्रत्येकाचे दोन्ही हात ते उलटेसुलटे करून बघायचे, बोटांची बेचकीसुद्धा. एक म्हातारी म्हणाली, मला उपास होता, मी खीर खाल्लीच नाही, सगळे निघाले म्हणून बंडीत बसले. तिलाही त्यांनी हात दाखवायला लावले आणि मगच जाऊ दिलं. एकानं खाली मान घालून कबूल केलं की त्यानं चार वाट्या खीर खाल्ली होती, आणि चार वाट्यांना सुया जास्त लागतात का, असं विचारलं. डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "खीर उकळली होती ना? मग चाळीस वाट्या खाल्ल्या तरी या रोगाचं भय नाही."

जगदेवनं म्हशीची शिंगं धरली होती, पण तोंडाला हात लावला नव्हता. त्याचे हात धडधाकट निघाले.

त्याची बायको गोजराबाई सगळ्यांच्या मागे बसली होती. ती पुढे आली आणि तिनं हात पदराखाली घेतले.

"दाखवा," डॉक्टर म्हणाले.

"कापूस वेचून असेच होते जी हात," ती म्हणाली. बोंडांच्या वाळक्या टोकांनी तिच्या बोटांची टोकं चिरली होती. काही चिरा अजून लाल होत्या.

"म्हशीला चारा कोण घालत होतं?"

"मीच. तिच्यानं खानं होये ना, म्हनून मी हातानं भरवून राह्यली होती. दोन दिवस. लाळ सारी हातावर येये." मग ती म्हणाली, "लय गरीब होती थे. मले वाटलं, माह्या हातून तरी खाईन."

डॉक्टरांनी तिचं नाव रजिस्टरात लिहून त्याखाली रेघ ओढली. "बाई, तुम्हाला सुया घ्याव्या लागतील. आजपासून रोज एक, चौदा दिवस. इथंच राहायचं." फुलचंदनं तिला आत नेलं.

आता शेवटचा प्रश्न त्यांनी सगळ्यांना एकदम विचारला. "म्हशीला गिळता येत नव्हतं. घशात काही अडकलं असेल असं वाटून तिच्या तोंडात हात कोणी घातला का?"

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. जगदेव हळूच म्हणाला, "गुलाम नबी चाचानं. कोपरापातुर."

गुलाम नबी पळसखेडचे ढोरांचे वैद्य. बैलाचं पाऊल लचकलं, गाय अडली, म्हशीच्या घशात आंब्याची कोय बसली की आजूबाजूची दहा गावं त्यांच्याकडे यायची.

"ते कुठे आहेत?"

"नाई आले. मी सोता बलावाले गेलतो. म्हने, मले काम हाये."

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं. "जगदेव, तुमची बंडी जुंपा. मला पळसखेडला घेऊन चला."

हे ऐकून रामराव उठले. "अन् आमचं काय? बेचाळीस मानसं आली, अन् सुई एकीले. जो आला नाई त्याले घराहून आनून देता, अन् आमी दारात आलो तं आमाले वापस पाठवता. हा कोनता न्याय?"

"रामराव, ही सुई म्हणजे साधं औषध नव्हे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "रोज पोटात टोचतात. पोट सुजतं, ताप येतो. क्वचित एखाद्याचे पायही लुळे पडतात. ज्याच्या अंगात रोग शिरला असेल त्यानं ती जोखीम घ्यावी. तुमच्या अंगात तो शिरायला वाटच नव्हती. तुम्हाला सुई देणं म्हणजे धडधाकट माणसाला आजारी पाडणं."

"अन् उद्या कोनाले काही झालं तं?"

"तर ते माझ्या माथ्यावर. तुमची सगळ्यांची नावं इथं लिहिली आहेत आणि खाली माझी सही आहे."

रामराव पटल्यासारखे दिसले नाहीत. पण बंड्या परत जुंपल्या गेल्या.

दुपार कलताना जगदेवची बंडी पळसखेडला पोचली. गुलाम नबी अंगणात पिंपळाच्या सावलीला दोर वळत बसले होते. साठीचे, काटक, पांढरी आखूड दाढी. डॉक्टरांना बघून ते उठले, सलाम केला, बाज पुढे केली. उजव्या हाताला त्यांनी फडकं गुंडाळलं होतं.

"हात बघू चाचा," डॉक्टर बसायच्या आधी म्हणाले.

"काही नाई साहेब. खरचटलं हाये. चाळीस सालं झाले, ढोराईच्या तोंडात हात घालतो. दात लागतच असते."

"तरी बघू."

फडकं सोडलं. तीन बोटांच्या सांध्यांवर खपल्या धरल्या होत्या. मनगटावर दाताचा एक लांब ओरखडा होता. डॉक्टरांनी हात उन्हाकडे धरून तो निरखला.

"तुम्हाला आजच माझ्यासोबत यावं लागेल."

"मले काम हाये," गुलाम नबी म्हणाले. तेच उत्तर, त्याच आवाजात.

दाराच्या आडून बाईमाणसाचा आवाज आला. त्यांची बायको अमीनाबी बोलत होती. "काम-बिम काही नाई डाक्तरसाब. म्हैस मेली तवापासून रोज सकाळी उठले की कटोऱ्यात पानी घेतात, अन् त्या पान्याकडे पाहात बसतात. मंग पितात. मले वाटे दुवा-वजीफा पढून राह्यले. काल इच्यारलं तं म्हने, पाहून राह्यलो, भेव वाटते का."

गुलाम नबींनी दाराकडे पाहिलं, पण रागावले नाहीत. दोर खाली ठेवला.

"माह्या मोठ्या भावाले कोल्हं चावलं होतं," ते म्हणाले. "मी तवा वीस सालचा होतो. दोन महिने काही नाई, मजेत होता. मंग एका दिवशी पान्याचा गिलास तोंडाशी नेला अन् फेकून देला. तिसऱ्या दिवशी खतम. मीच त्याले धरून बसलो होतो." त्यांनी फडकं पुन्हा हाताला गुंडाळलं. "म्हशीनं बुधवारी आवाज बदलला, तवाच मले समजलं साहेब. गावाले समजाच्या आंधी मले समजलं."

"मग आला का नाहीत?"

जगदेव बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून लांब गेला.

"कोन्या तोंडानं येऊ?" गुलाम नबी म्हणाले. "लोक माह्यावर इस्वास ठेवतात. मंगळवारी म्हैस पाह्यली, लाळ पाह्यली, अन् सांगतलं, सरकीच्या ढेपीचा गोळा अटकला. गोजराबाईले म्याच म्हनलं, भरवत राहा हातानं. तिच्या हाताले लागलं थे माह्यामुळं. गाव म्हनन, याले पागल ढोर वळखू येत नाई, हा कायचा वैद?"

"मंगळवारी मी त्या गोठ्यात असतो तर मीही घशात काही अडकलं असंच म्हटलं असतं," डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी ते तसंच दिसतं."

"तुमी डाक्तर हायेत. मन राखाले बोलून राह्यले."

मदनसिंग डॉक्टर बाजेवर बसले. हे कोणाला सांगायचं असं त्यांनी कधी ठरवलं नव्हतं, फुलचंदलाही ते ठाऊक नव्हतं.

"आधीच्या गावी होतो तेव्हा एक लग्न झालेली पोरगी दवाखान्यात आली होती. घरचं कुत्रं दोन दिवस विचित्र वागून मेलं होतं. चावलं नव्हतं. तिच्या टाचेला भेगा होत्या, तिथं चाटलं होतं. मला हसू आलं. म्हटलं, चाटल्यानं काय होतं? औषध लावलं आणि घरी पाठवली. चाळीस दिवसांनी तिला बंडीत घालून परत आणली. तिच्या नवऱ्यानं मला एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं."

गुलाम नबी त्यांच्याकडे बघत होते.

"मंग तुमी दवाखाना बंद नाई केला?"

"नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला. रांग लागलेली होती." डॉक्टर पुढे वाकले. "चाचा, पाण्याकडे बघून काही कळत नाही. ज्या दिवशी पाण्याची भीती वाटेल त्या दिवशी माझ्याकडं काही इलाज उरणार नाही. आज पाणी पिता आहात, तोवरच सुईचा उपयोग. चार दिवस गेले आहेत. अजून वेळ आहे, पण वाया घालवण्याइतका नाही."

मग गुलाम नबींनी विचारलं, "सुई कुठीशी देता?"

"पोटावर. कातडीखाली."

"अमीना," त्यांनी दाराकडे वळून हाक दिली, "माही शाल दे. अन् ढोराईच्या दवाईचा डबा शेजारच्या शेख युसूफच्या घरी ठेव. कोनी आलं तं त्याले सांग, पंधरा दिवस नाई हाये."

संध्याकाळच्या आत ते रिसोडला पोचले. डॉक्टरांनी त्यांच्या बोटांवरच्या खपल्या ओल्या करून काढल्या, जखमा साबणाच्या पाण्यानं बराच वेळ धुतल्या आणि काचेच्या काडीनं त्यात कार्बोलिक ॲसिड लावलं. ते हाताला आगीसारखं लागतं, पण गुलाम नबींनी हात हलवला नाही. फुलचंदनं स्टोव्हवर सुईची पिचकारी उकळली. पहिली सुई झाली.

पुढचे चौदा दिवस गोजराबाई आणि गुलाम नबी रोज सकाळी दवाखान्याच्या ओसरीवर येऊन बसायचे. गोजराबाई तिच्या मावसबहिणीकडे उतरली होती, गुलाम नबी मशिदीजवळ एका अत्तारवाल्या नातलगाकडे. फुलचंदनं दोघांना पथ्य सांगितलं, उन्हात फिरायचं नाही, अंगमेहनत करायची नाही, दारू प्यायची नाही. दारूचं ऐकून गुलाम नबींना वाईट वाटलं. "म्या जिंदगीत शिवली नाई," ते म्हणाले. फुलचंदनं हे सगळ्यांना सांगावं लागतं असं समजावलं, तेव्हा ते गप्प झाले. गोजराबाईला कष्ट न करणं जमेना. एका सकाळी ती दवाखान्याचं अंगण झाडताना सापडली. डॉक्टरांनी तिच्या हातातला खराटा काढून घेतला.

पहिले चार दिवस ती गुलाम नबींशी बोलली नाही. तो राग असेल असं समजून तेही दुसऱ्या खांबाला टेकून बसायचे. पाचव्या दिवशी पोटावर गाठी उठल्या आणि तिला ताप भरला. ती ओसरीवर आडवी झाली. गुलाम नबी उठले, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि तिच्या उशाशी ठेवला.

"गोजराबाई, म्या चुकीचं सांगतलं तुले," ते म्हणाले. "भरव म्हनलं थे."

"तुमी नसतं सांगतलं तरी म्या भरवलंच असतं चाचा," ती डोळे मिटूनच म्हणाली. "माही म्हैस होती थे." मग थोड्या वेळानं, "तुमचंबी पोट दुखते का?"

"लय."

"डाक्तर म्हनते, आठ दिवसानं सवय होते."

"डाक्तरले कोनी टोचली का कधी?"

ती तापातही हसली.

गुलाम नबी दवाखान्यात आहेत ही बातमी आठवड्याच्या बाजारात पसरली. मग लोक त्यांना भेटायला यायला लागले, आणि येताना लंगडणारा बैल नाहीतर पोट फुगलेली गाय घेऊन यायला लागले. फुलचंद वैतागला. दवाखान्याच्या आवारात शेण पडतं, अशी त्यानं तक्रार केली. डॉक्टरांनी कडुनिंबाच्या पलीकडे एक खुंटा ठोकून दिला. गुलाम नबी बसल्या जागेवरून जनावर बघायचे, औषध सांगायचे, आणि प्रत्येकाला न विचारता आणखी एक गोष्ट सांगायचे. "लाळ गाळनारं ढोर दिसलं तं त्याच्या तोंडात हात घालू नोका. दोन दिवस लांबूनच पाहा. आवाज बदलला, मांगचे पाय लटपटले, तं जवळ जाऊ नोका." मग फडकं सोडून ते स्वतःची बोटं दाखवायचे. "मी घातला. पाहा." हे सांगताना त्यांना लाज वाटते का, ते फुलचंदला कळत नसे. आवाजावरून तरी वाटत नव्हतं.

एका सकाळी पिचकारी उकळेपर्यंत त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "साहेब, हा रोग हातातून डोक्यापातुर जाते कसा?"

"शिरेतून. रक्ताच्या नव्हे, ज्या शिरेनं आपल्याला दुखल्याचं कळतं तिच्यातून. हळूहळू वर चढतो. तो डोक्यात पोचायच्या आधी सुईचं काम अंगभर व्हायला पाहिजे."

"म्हंजे माह्या भावाले दोन महिने लागले थे याच्यानं. पायाले चावलं होतं."

"हो. पाय लांब. हात त्याहून जवळ."

गुलाम नबींनी आपल्या हाताकडे आणि मग खांद्याकडे पाहिलं. "मले हे चाळीस सालं कोनी सांगतलं नाई," एवढंच ते म्हणाले.

चौदाव्या दिवशी शेवटची सुई झाली. जगदेव बंडी घेऊन न्यायला आला होता. निघायच्या आधी गुलाम नबी डॉक्टरांसमोर उभे राहिले.

"आता सुटलो म्हना?"

फुलचंदला वाटलं, डॉक्टर हो म्हणतील. म्हणायला काय हरकत होती?

"बहुतेक सुटलात," डॉक्टर म्हणाले. "नक्की म्हणता येत नाही. सहा महिने गेले की मी निर्धास्त होईन. तोवर बोटांना मुंग्या आल्या, जुन्या जखमेला खाज आली, तर लगेच या. गोजराबाई, तुम्हीही."

गोजराबाईनं मान हलवली. गुलाम नबींनी शाल खांद्यावर टाकली. "खरं सांगतलं, हे बरं केलं," ते म्हणाले आणि बंडीत चढले.

हिवाळा गेला. पळसखेडहून कोणी आलं तर डॉक्टर इतर चौकशा आधी करायचे आणि मग सहज विचारल्यासारखं, गुलाम नबी कसे आहेत, गोजराबाई कशा आहेत. बरे आहेत, असं उत्तर यायचं. त्या उत्तरावर त्यांचा पुरता विश्वास बसत नसे. मुंग्या आल्या तर माणूस शेजाऱ्याला कशाला सांगेल?

चैत्रात देवी टोचायच्या कामावर देखरेख करायला त्यांचा दौरा त्या बाजूला निघाला. पळसखेडला पोचले तेव्हा रामराव वेशीवरच भेटले. कडेवर नातू होता. त्यांनी डॉक्टरांना घरी नेऊन चहा पाजला, नातवाचा दंड स्वतः धरून टोचून घेतला, आणि मग म्हणाले, "बेचाळीसच्या बेचाळीस जिते हायेत डाक्तर. पन थे आमच्या नशिबानं, तुमच्या सहीनं नाई."

"तसं समजा," डॉक्टर म्हणाले.

जगदेवच्या घरी गोजराबाई नव्या गोठ्याच्या भिंती सारवत होती. तिनं मातीनं भरलेली बोटं पुढे करून न विचारताच दाखवली. नवी म्हैस अजून घेतली नव्हती. घेऊ, म्हणाली, पण सध्या मन होत नाही.

तिथून डॉक्टर गुलाम नबींच्या अंगणात गेले. पिंपळाखालची बाज रिकामी होती. अमीनाबी उन्हात मिरच्या पसरत होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"चाचा कुठे आहेत?"

"घरी असतात कधी?" ती म्हणाली. "परवा लोनारकडचे मानसं आले, बंडीत बसवून घेऊन गेले. कोनाचा तरी बैल बसला तं उठून नाई राह्यला म्हनते. कवा येतील काही सांगून नाई गेले. आता कटोऱ्याकडे पाहात बसाले टाइम नाई त्याईले."

डॉक्टर रिकाम्या बाजेवर जरा वेळ बसले. मग निरोप काही न ठेवता उठले आणि पुढच्या गावाच्या वाटेला लागले.